एक सत्तावन्न वीस

"काका धावणार ना?" नंबर वाटणाऱ्या मुलीने विचारलं, आणि तो म्हणाला, "हो."

त्याची बायको टेबलाशी वाकून पिशवीतलं ओळखपत्र शोधत होती. तिचा हात पिशवीतच राहिला. शब्द खरंच त्याच्या तोंडून आला का, हे पाहायला तिने मान वर केली. उजवा हात पोटाशी धरलेला, डाव्या हातात काठी, अंगात पाच-सहा वर्षांपूर्वीचा धावण्याचा निळा टी-शर्ट, आता खांद्यावरून ओघळणारा. आणि चेहऱ्यावर, म्हणजे चेहऱ्याच्या हलणाऱ्या अर्ध्या भागावर, रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाचा असतो तसा साधा, किंचित कंटाळलेला भाव. मुलगी यादीत त्याचं नाव शोधायलाही लागली होती. "नाही, नाही, मी," ती घाईने म्हणाली. "धावणारी मी. हे नुसते बरोबर असतात." मुलीने काठीकडे पाहिलं, जीभ चावली, आणि चूक झाकायला जरा जास्तच गोड आवाजात म्हणाली, "किती छान, काकू. यांना घेऊन येता तुम्ही. नाहीतर लोक घरी ठेवून येतात." ती हसली. हे वाक्य तिला प्रत्येक शहरात कुणी ना कुणी ऐकवत असे, आणि थंडीत अंगावर ऊन घ्यावं तसं ती ते घेत असे. आज मात्र हसताना तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. ते मिटलेलं होतं.

झटका आल्यापासूनच्या दोन वर्षांत इतका स्वच्छ शब्द तिने त्याच्याकडून ऐकला नव्हता. घरी त्याचं बोलणं म्हणजे घशातून ओढून काढलेले तुकडे. पाण्याला 'पा', नको असलं की मान, हवं असलं की डोळे. बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येई, आरशासमोर बसवून ओठांचे आकार करून घेई, आणि जाताना दारात हळूच म्हणे, "जमेल त्यांना. मनात आलं तर जमेल." मनात येणं ही काय भानगड आहे, हे तिने कधी विचारलं नव्हतं. हॉटेलच्या खोलीवर आल्यावर तिने त्याचे बूट काढले, मोजे काढले, सुजलेली पावलं उशीवर ठेवली आणि मग त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "हो का म्हणालास?" तो समोरच्या भिंतीवरचं चित्र पाहत होता. कुठल्याही हॉटेलात असतं तसलं, एक होडी आणि खूप पाणी. "त्या मुलीला हो का म्हणालास? धावणार आहेस का तू?" त्याने डोळे मिटले. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनेही लग्नाची कितीतरी वर्षं तेच सोंग वापरलं होतं.

हे 'तू'सुद्धा याच दोन वर्षांतलं. त्याआधीची सव्वीस वर्षं 'अहो' होतं, 'तुम्ही' होतं, त्याच्या जेवणाच्या वेळा होत्या. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, त्याच्या हनुवटीवरून ओघळलेली पेज पुसताना ती म्हणून गेली, "तोंड उघड ना नीट, काय रे तू." म्हटल्यावर दोघंही थबकले. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिने चमचा पुन्हा भरला, आणि मुद्दाम, जिभेवर चव घेत म्हणाली, "उघड. तुलाच सांगतेय." तेव्हापासून घरात 'तू', चारचौघांत 'हे'. सव्वीस वर्षं घट्ट बूट घालून चालल्यावर कुणी तरी नाडी सैल करावी तसं तिला त्या दिवशी वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची लाज वाटायची वाट ती अजून पाहत होती.

ती कवळ्या करायची. डॉक्टरांकडून येणारे जबड्यांचे साचे, त्यात ओतलेलं प्लास्टर, गुलाबी मेणाच्या हिरड्या, त्यात एकेक करून बसवायचे दात. दिवसभर तिच्यासमोर अनोळखी माणसांची तोंडं उघडी पडलेली असत आणि त्यांतलं एकही बोलत नसे. दात पाहून माणूस कळतो असं तिला वाटे. रात्रभर दात खाणारा, एकाच बाजूने चावणारा, राग गिळणारा. नवऱ्याचे दात उत्तम होते. तो जमीनमोजणीच्या खात्यात होता; सगळं आयुष्य दुर्बिणीतून रेघा जुळवण्यात आणि हद्दी ठरवण्यात गेलेलं. मोजल्याशिवाय त्याला कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. चाळिशीनंतर तो धावायला लागला आणि दोन वर्षांनी तिलाही त्याने बाहेर काढलं. "जरा हलवा ते अंग," तो म्हणाला. स्वतः पुढे पळायचा, वळणावर उभा राहायचा आणि लहान मुलाला बोलवावं तशा टाळ्या वाजवायचा. मग कागदावर लिहायचा. एक रकाना त्याचा, एक तिचा, आणि तो कागद स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर. घरी येणारा प्रत्येक पाहुणा पाणी प्यायच्या आधी तो वाचायचा.

पहिल्या हाफ मॅरेथॉनला दोघं परगावी गेले होते, त्याच्या ऑफिसातल्या चौघांबरोबर. तो एक तास सत्तावन्न मिनिटं वीस सेकंदांत आला. ते आकडे त्याने पुढे इतक्यांदा सांगितले की घरात ते आडनावासारखे झाले. ती आली तेव्हा पावणेतीन तास होऊन गेले होते, दोरीचे खांब काढायला सुरुवात झाली होती. तेवढ्या वेळात तो खोलीवर जाऊन आंघोळ करून, खाऊन, केस विंचरून परत आला होता. मांड्या सोलवटलेल्या, डाव्या अंगठ्याचं नख मुळापासून सुटलेलं, अशी ती शेवटच्या वळणावर दिसताच तो ओरडला, "फाटक लावून घ्या, आमची मालगाडी येतेय!" चौघं हसले. तीही हसली, धापा टाकत हसली. तेच नाव मग राहिलं. मालगाडी, चहा टाक. मालगाडी, निघायचं ना. त्यांची मुलगीसुद्धा लहानपणी एकदा त्याच नावाने हाक मारून गेली आणि तिने मुलीच्या थोबाडीत दिली. नवऱ्याच्या वाटची मुलीने खाल्ली. नंतरच्या एका शहरात चौदाव्या किलोमीटरला तिचा पाय मुरगळला. दुभाजकावर बसून ती घोटा दाबत होती तेव्हा पलीकडच्या बाजूने तो परतीच्या वाटेवर चालला होता. त्याने मान वळवली. मग ती सरळ केली. संध्याकाळी म्हणाला, "मला दिसलीच नाहीस," आणि लगेच पुढे, "तसाही माझा टाइम चांगला चालला होता." त्याने तिला पाहिलं होतं की नव्हतं, हे तिला आजवर कळलेलं नव्हतं. कळलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मुलगी दूर देशी असते, तिच्या सकाळी यांची संध्याकाळ. "आई, बाबांना पुन्हा नेलंस?" "त्यांना आवडतं." "त्यांनी सांगितलं का तसं?" "ते काय सांगणार." "मग तुला कसं कळलं?" तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मुलगी म्हणाली, "मावशी राहते म्हणतेय त्यांच्याजवळ. दहा तासांचा प्रवास, त्या जिन्यांवरून चढउतार, कशाला गं? तू धाव ना. तू धावू नकोस असं कुणी म्हणतंय का?" "माणसांत राहिलं की बरं वाटतं त्यांना," ती म्हणाली, आणि पलंगाकडे पाहिलं. तो ऐकत होता. पहिल्यांदा त्याला बरोबर नेलं त्या शहरात शेवटच्या रेषेपाशी त्याला उभं केलं होतं. ती दोन तास वीस मिनिटांत आली, आणि तो रडला. हुंदके देऊन, अर्ध्या तोंडाने, नाक गळत. भोवतीच्या बायकांचे डोळे पाणावले. बायकोचं कौतुक किती आहे बघा. तिला तेवढंच माहीत होतं की हे कौतुकाचं रडणं नव्हे. परतीच्या बसमध्ये, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन, तिने पुढच्या शहराचा अर्ज भरला. त्यानंतर आठ झाली. दोन दहा, दोन सहा, दोन तीन. तो पुन्हा कधी रडला नाही, आणि त्याचीही तिला चुटपुट होती.

सकाळी साडेपाचला तिने त्याला खाली आणलं. या शहरात शेवटची रेषा स्टेडियमच्या आत होती, आत फक्त धावणाऱ्यांना प्रवेश. पण एकोणिसाव्या किलोमीटरचं वळण हॉटेलच्या कोपऱ्यावरून जात होतं. नकाशात पाहूनच तिने हे हॉटेल घेतलं होतं. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या शटरपुढे तिने घडीचं स्टूल मांडलं, त्याला बसवलं, डोक्यावर टोपी घातली, मांडीवर पाण्याची बाटली ठेवली. "इथून मी दिसेन तुला. पावणेआठच्या सुमारास. लक्ष ठेव." हॉटेलच्या पहारेकऱ्याला सांगितलं, "जरा बघाल ना यांच्याकडे?" "बघतो की," तो म्हणाला. सातला त्याची पाळी संपते हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. निघताना नवऱ्याने तिची बाही धरली. तोंड हललं. तो काहीतरी जुळवत होता, ओठांचा आकार होत होता आणि मोडत होता. तिने घड्याळ पाहिलं. "आल्यावर सांग," ती म्हणाली, आणि बाही सोडवून घेतली.

पहिले सात किलोमीटर ती काहीच नव्हती, दोन पाय आणि एक श्वास. रस्ते तिला नवे नव्हते. आता तिला सगळी शहरं सारखीच वाटत, पहाटेची शहरं, शटर ओढलेली, झाडून ठेवलेली, कुणाच्या तरी घराच्या गॅलरीत उभा राहून दात घासणारा एखादा म्हातारा. ज्या शहरांत ती धावली त्यांतलं एकही तिने पाहिलं नव्हतं. आठव्या किलोमीटरला तिने घड्याळ पाहिलं. ती साडेपाच मिनिटांना किलोमीटर टाकत होती. चूक असेल म्हणून पुढचा किलोमीटर पाहिला, तेच. दहावा, तेच. मग तिने हिशेब केला, आणि केल्यावर तो मनातून जाईना. एक सत्तावन्न वीस. इतकी वर्षं ती त्या आकड्यांकडे खालून पाहत आली होती, जशी बुटकी माणसं वरच्या फळीवरच्या डब्याकडे पाहतात. आता हात पोचत होता. बाराव्याला बरगडीखाली चमक आली आणि गेली. पंधराव्याला पोटऱ्या दगड झाल्या. पुढे एक उंच तरुण मुलगा पळत होता. तिने त्याच्या मानेवरचा तीळ धरून ठेवला, जणू तो दोरीचं टोक असावा. त्याची आठवण आली, नवऱ्याची, पण आत्ताच्या नव्हे. टाळ्या वाजवत वळणावर उभा असलेला, दमलेला नसलेला, मजबूत मांड्यांचा माणूस. तो तिला आवडायचा, हे तिला सतराव्या किलोमीटरला आठवलं. तो तिला फार आवडायचा, त्याच्या मागे पळताना त्याच्या पाठीवरचा घामाचा डाग पाहून तिला घरी परत जावंसं वाटायचं, त्याच्याबरोबर, दार लावून. ते कधी संपलं? संपलं म्हणून कुणी शिटी वाजवली नव्हती. तिच्या डोळ्यांत घाम गेला. ती आणखी जोरात पळू लागली.

हॉटेलचा कोपरा आला तेव्हा घड्याळात एक तास पंचेचाळीस मिनिटं झाली होती. स्टूल आडवं पडलेलं तिला आधी दिसलं. मग टोपी, रस्त्याच्या कडेला. मग तो. शटरला पाठ टेकून जमिनीवर, एक पाय दुमडलेला, दुसरा वेडावाकडा बाजूला गेलेला. ऊन थेट डोळ्यांवर. राखाडी विजार मांड्यांपर्यंत काळी झालेली होती. ते बाटलीतलं पाणी नव्हतं, बाटली न उघडता दूर गडगडली होती. त्याने डावा हात वर केला होता आणि तो हलवत होता, सगळा जोर लावून. तिच्या पुढे पळणारे लोक त्याला उलट हात हलवत होते. "थँक यू, काका!" त्या उंच मुलाने ओरडून म्हटलं. लोकांना वाटत होतं, म्हातारा कौतुकाने बसलाय. त्याने तिला ओळखलं. हात तिच्याकडे वळला, तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडातले दात तिला दिसले, एकही न पडलेले, वरचे आणि खालचे. ती सहा हात अंतरावर होती. थांबली असती तर पायांनी पुन्हा वेग घेतला नसता, हे तिला माहीत होतं. पण तसं काही ठरवून झालं नाही. तिने हात वर केला, आणि हलवला. इतरांनी हलवला तसाच. वळण संपलं.

पुढचे दोन किलोमीटर तिला पुढे कधीच आठवले नाहीत. एक छप्पन्न एकेचाळीस. गळ्यात मेडल पडलं, हातात केळं आलं, अंगाभोवती कुणीतरी चंदेरी कागद गुंडाळला. ती हिरवळीवर बसली. धावत परत जाता आलं असतं, रिक्षा मिळाली असती, एखाद्या स्वयंसेवकाला सांगता आलं असतं. ती टाइमची छापील पावती देणाऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांगेत बावीस माणसं होती. पावती हातात आल्यावर तिने ती दोनदा वाचली, घडी केली, आणि आनंद कुठून येतोय याची वाट पाहिली. आनंद आला नाही असं नाही. आला, चांगला मोठा आला; आणि त्याचा वास येत होता.

कोपऱ्यावर ती पोचली तेव्हा शटर उघडलं होतं आणि दुकानदार पाण्याची बादली ओतून पायरी धूत होता. "ते ना? गाडीतून नेले," तो झाडूने दिशा दाखवत म्हणाला. "स्टेडियमच्या मागे डॉक्टरांचा तंबू आहे म्हणे. किती वेळ पडले होते बिचारे. बरोबर कोण आहे विचारलं, तर म्हणाले, कोणी नाही." "म्हणाले?" "म्हणाले की." तिने आडवं पडलेलं स्टूल उचललं, घडी केलं, काखेत धरलं आणि आल्या वाटेने परत निघाली.

तंबूत चार खाटा होत्या. तीन रिकाम्या, चौथ्या खाटेवर तो. अंगावर पांढरी चादर, उशाला गुंडाळी केलेला टॉवेल, कुणाची तरी सैल विजार घातलेली, कपाळावर पट्टी. शेजारी खुर्चीवर एक तरुण डॉक्टरीण बसली होती, मुलीच्याच वयाची, आणि ती हसत होती. त्याने काहीतरी सांगितलं होतं त्यावर. ती आत येताच तो गप्प झाला. "मी यांची बायको," ती म्हणाली. डॉक्टरणीने तिच्याकडे पाहिलं, गळ्यातल्या मेडलकडे पाहिलं, काखेतल्या स्टुलाकडे पाहिलं. "पण हे म्हणाले बरोबर कोणी नाही." "त्यांना झटका आलेला आहे. दोन वर्षं झाली. त्यांना बोलता येत नाही नीट, काहीही बोलून जातात." "बोलतात की," डॉक्टरीण म्हणाली. "हळू बोलतात, पण चांगलं बोलतात. नाव सांगितलं, वार सांगितला, मोजणी खात्यात होतो म्हणाले. तपासायला म्हणून शंभरातून सात सात वजा करायला लावले, तेही केले." मग त्याच्याकडे झुकून, मोठ्याने, "काका, या बाईंना ओळखता का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. एक डोळा बारीक करून, सावकाश, पायापासून वरपर्यंत. बूट, गुडघे, छातीवरचा नंबर, चेहरा. तो चेहऱ्यावर बराच वेळ थांबला. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिने तो डॉक्टरणीला दाखवला असता. "नाही," तो म्हणाला.

"असं काय करतोस?" तिच्या तोंडून गेलं, आणि ते 'तू' तंबूत फार मोठ्याने वाजलं. डॉक्टरणीच्या भुवया उचलल्या गेल्या. "म्हणजे, अहो," ती म्हणाली, "अहो, चला ना खोलीवर." तो तंबूच्या छताकडे पाहू लागला. "बाई, तुमच्यावर अविश्वास आहे असं नाही," डॉक्टरीण म्हणाली, तो होता हे लपवायचा प्रयत्न न करता, "पण असं मला कुणाच्याही हाती देता येत नाही. तासभर उन्हात पडलेला माणूस आहे. यांचं काही ओळखपत्र?" "खोलीवर आहे." "मग दोघांचा एखादा फोटो? असेल ना फोनमध्ये?"

मुलीला फोन लावता आला असता. पण मुलगी पहिला प्रश्न कुठला विचारेल हे तिला ठाऊक होतं. तिने फोटो उघडले. पहिलं शहर: ती, गळ्यात मेडल, मागे फुगे. दुसरं: ती, दोन्ही हात वर. तिसरं: ती, मेडल दातांत धरलेलं. ती बोट सरकवत राहिली. नऊ शहरं. सगळे फोटो थोडे तिरके, काहींत तिचं कपाळ कापलेलं, एकात नुसतीच जमीन आणि तिचे बूट. हे सगळे त्याने काढले होते. प्रत्येक शहरात ती फोन त्याच्या हातात द्यायची आणि समोर जाऊन उभी राहायची, "नीट धर" म्हणायची. त्याचा फोटो एकही नव्हता. ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. डॉक्टरीण मान वाकवून बघत होती. शेवटी सहाव्या शहराच्या एका फोटोत, डाव्या कोपऱ्यात, तिच्या खांद्याला लागून एक गुलाबी ढग होता. भिंगाच्या फार जवळ आलेलं, धूसर, पण नख दिसत होतं, आणि नखावरची उभी चीर.

"हा," ती म्हणाली. "हा यांचा अंगठा आहे."

डॉक्टरणीने फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. मग खाटेकडे पाहिलं. त्याचा डावा हात चादरीवर उपडा पडलेला होता. तो अजूनही छताकडेच पाहत होता. तसाच, मान न हलवता, त्याने तो हात उचलला, चादरीखाली नेला आणि चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," डॉक्टरीण म्हणाली.

ती बाहेर आली. काखेतलं स्टूल उघडून मांडलं आणि त्यावर बसली. शेवटून येणारे लोक अजून येत होते, लंगडत, एकमेकांना धरून, आणि जाता जाता तिच्या मेडलकडे पाहून अंगठा वर करत होते. तंबूच्या कापडाआड डॉक्टरणीने काहीतरी विचारलं. मग तिला त्याचा आवाज ऐकू आला, सावकाश, एका शब्दामागून एक शब्द, मध्ये कुठेही न अडखळणारा. तो बराच वेळ बोलत होता. काय बोलत होता ते मात्र तिला कळत नव्हतं.